न्येपीच्या दिवशी अमृतमहोत्सव: बालीतील बुटीक हॉटेल आणि नागपूरचे एक कुटुंब

हे प्रकरण नागपुरातील एका प्रवास कंपनीच्या कामातले आहे. कंपनी, कुटुंब आणि हॉटेल यांची ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील बदलले आहेत. तारखा, बेटावरचे नियम आणि निर्णयांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. परदेशातल्या बेटावर, मोजक्या खोल्यांच्या महागड्या हॉटेलात घरचा समारंभ करण्याची हौस विदर्भात आता नवी राहिलेली नाही, आणि अशा हॉटेलांच्या माहितीपत्रकात ‘स्थानिक संस्कृती’ हे शब्द खोलीच्या भाड्यापेक्षा ठळक छापलेले असतात. त्या संस्कृतीबाबत होकार किंवा नकार देण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हे ठरवताना या प्रकरणातील प्रत्येकाची थोडीफार ओढाताण झाली.

पार्श्वभूमी

कुटुंब मूळचे इतवारीतले, आता वर्धा रोडला राहणारे. घरातील ज्येष्ठ गृहस्थांना २९ मार्च २०२५ रोजी ७५ वर्षे पूर्ण होत होती. थोरला मुलगा नागपुरात व्यवसाय सांभाळतो, धाकटा पुण्यात असतो, मुलगी सिंगापूरला. तिन्ही घरची मिळून २२ माणसे, त्यांत शाळकरी मुले होती, आणि उत्सवमूर्ती स्वतः मधुमेहासाठी रोज इन्सुलिन घेणारे. मुलांची कल्पना अशी होती की २९ तारखेला संध्याकाळी ७५ दिव्यांनी औक्षण करावे, मग जेवण, गाणी आणि नाच व्हावा, आणि दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा असल्यामुळे सकाळी हॉटेलच्या आवारातच गुढी उभारावी. तिथीने येणारा वाढदिवस पाडव्यानंतरचा, म्हणजे परतल्यावर घरी करता येण्याजोगा होता; त्यामुळे बालीत होणार होता तो तारखेचा सोहळा.

धरमपेठेत कार्यालय असलेल्या या कंपनीचे काम आता दुसऱ्या पिढीकडे आहे. संचालिकेच्या वडिलांपासून या घराशी संबंध असल्यामुळे ती ज्येष्ठांना काकाजी आणि त्यांच्या पत्नीला काकू म्हणते. हा घरोबा पुढे उपयोगी पडला आणि काही ठिकाणी आडही आला.

ऑगस्ट २०२४ मध्ये बोलणी सुरू झाली. बालीतील उबुद या गावाजवळ, नदीच्या उतारावर वसलेले १४ व्हिलांचे एक हॉटेल सर्वांना पसंत पडले आणि त्यातील १० व्हिला घेण्याचे ठरले. हॉटेलची मालकी जकार्तातील गुंतवणूकदारांची आणि विक्री विभागही तिथेच. जमीन गावातील काही कुटुंबांकडून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतलेली. रोजचा कारभार पाहणारा व्यवस्थापक मात्र त्याच गावातला. या तीन गोष्टी करारात तीन वेगवेगळ्या पानांवर होत्या, आणि त्या एकत्र ठेवून वाचण्याची गरज त्या वेळी कोणाला वाटली नाही.

ऑक्टोबरमध्ये निम्मी रक्कम भरली गेली. नागपूरहून बंगळूरुमार्गे देनपासारची, म्हणजे बालीच्या विमानतळाची, तिकिटे निघाली. २७ मार्चला पोहोचायचे, ३१ ला निघायचे.

प्रश्न कसा उद्भवला

जानेवारी २०२५ मध्ये हॉटेलच्या व्यवस्थापकाने सर्व मार्चच्या पाहुण्यांना पाठवले जाणारे एक छापील सूचनापत्र कंपनीला धाडले. त्यात २९ मार्च हा न्येपीचा दिवस असल्याचे लिहिले होते. सकाळी ६ पासून दुसऱ्या दिवशी सकाळी ६ पर्यंत विमानतळ बंद, रस्ते बंद, दुकाने बंद, मोबाइलवरचे इंटरनेट बंद. पाहुण्यांनी आवाराबाहेर पडायचे नाही, अंधार पडल्यावर बाहेरून दिसेल असा उजेड करायचा नाही, मोठा आवाज करायचा नाही. समारंभाची तारीख आणि ही तारीख एकच होती.

न्येपी हे बालीच्या हिंदूंचे नववर्ष. त्या दिवशी चार गोष्टी वर्ज्य असतात: अग्नी व दिवा, काम, प्रवास आणि करमणूक. कुटुंबाच्या बेतात नेमक्या याच चार गोष्टी होत्या. गावोगावचे पेचालांग, म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकटीचे वस्त्र कमरेला गुंडाळलेले गावरक्षक, रस्त्याने गस्त घालतात. दवाखाने चालू राहतात आणि रुग्णवाहिकेला वाट मिळते. बाकी सवलत परदेशी पाहुण्यांनाही नाही. विमानतळासारखी व्यवस्था दरवर्षी २४ तास बंद ठेवणारे हे बेट पर्यटनावर जगते, आणि २०२४ मध्ये तिथे ६० लाखांहून अधिक परदेशी पर्यटक आले होते. हे लक्षात घेतले तर या दिवसाचे वजन कळते.

ही गोष्ट आधी का लक्षात आली नाही? कंपनीतील तरुण कर्मचाऱ्याने न्येपीची तारीख पाहिली होती, पण २०२४ ची. त्या वर्षी न्येपी ११ मार्चला होती, म्हणून ‘मार्चच्या सुरुवातीला’ अशी नोंद त्याने फाइलमध्ये केली आणि महिनाअखेरचा प्रवास निर्धास्त मानला. वास्तविक बालीतही आपल्यासारखेच शक चालते. २०२५ मध्ये दोन्हीकडे १९४७ हे वर्ष सुरू झाले. २०२३ मध्ये पाडवा आणि न्येपी दोन्ही २२ मार्चलाच आले होते. २०२४ मध्ये मात्र न्येपी ११ मार्चला आणि पाडवा ९ एप्रिलला, असा जवळपास महिन्याचा फरक पडला, कारण अधिक मास धरण्याची दोन्हीकडची रीत वेगळी आहे. २०२५ मध्ये पुन्हा ते एका दिवसाच्या अंतरावर आले. तेव्हा आपले पंचांग पाहून अंदाज बांधणे जितके चुकीचे, तितकेच मागच्या वर्षीच्या तारखेवरून बांधणेही चुकीचे.

जकार्तातील विक्री विभागाला तारीख माहीत नसेल असे मानणे कठीण आहे. त्यांच्या दरपत्रकात न्येपीचा उल्लेख नव्हता एवढे खरे.

हॉटेलने विकलेला सांस्कृतिक कार्यक्रम

तारखेच्या गोंधळाखाली दुसरा, माझ्या मते अधिक महत्त्वाचा, प्रश्न दबलेला होता. सप्टेंबरमध्येच विक्री विभागाने समारंभासाठी एक जादा प्रस्ताव दिला होता: जेवणाच्या वेळी गावातील मुलींचे रेजांग नृत्य, पुजाऱ्याकडून आशीर्वाद आणि शेताच्या बांधावरून मशालींची मिरवणूक. कुटुंबाला तो आवडला होता आणि पैसेही त्यात धरले गेले होते.

रेजांग हे देवळाच्या सर्वांत आतल्या आवारात, विधीचा भाग म्हणून, देवतांसमोर करायचे नृत्य आहे. बालीतील नृत्यांचे तीन वर्ग मानले जातात. वाली म्हणजे विधीचे, बेबाली म्हणजे विधीला जोडून मधल्या आवारात होणारे, आणि बालिह-बालिहान म्हणजे बाहेर, लोकांच्या करमणुकीसाठी होणारे. ही वर्गवारी १९७१ मधील एका परिसंवादात ठरली, ती पर्यटकांसमोर काय नाचावे आणि काय नाचू नये या वादातूनच. २०१५ मध्ये युनेस्कोने या तिन्ही वर्गांतील नृत्यांना अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. रेजांग पहिल्या वर्गात येते. २०१९ मध्ये बालीच्या शासनाने आणि धार्मिक-पारंपरिक संस्थांनी मिळून पवित्र नृत्ये विधीबाहेर सादर करण्यास आळा घालणारा संयुक्त निर्णयही घेतला. पाहुण्यांसाठी नृत्यच नको असा याचा अर्थ नाही. देवळातले पेंदेत हे नृत्य स्वागतासाठी सर्रास वापरले जाऊ लागले तेव्हा आक्षेप आले, आणि त्यावर तोडगा म्हणून पन्येम्ब्रामा हे खास स्वागताचे वेगळे नृत्य बसवण्यात आले. लेगोंग तर तिसऱ्या वर्गातच आहे. देव्हाऱ्यातले आणि दिवाणखान्यातले असा भेद बालीच्या लोकांनी स्वतःच नीट करून ठेवला आहे. माहितीपत्रक लिहिणाऱ्याने तो पुसला होता.

बालीतील छोट्या, स्थानिक धाटणीच्या हॉटेलांची परंपरा जुनी आहे. सानुर येथे १९६२ मध्ये मोजक्या बंगल्यांचे तांजुंग सारी सुरू झाले, आणि चारच वर्षांनी, १९६६ मध्ये, त्याच किनाऱ्यावर दहा मजली बाली बीच हॉटेल उभे राहिले. त्या इमारतीनंतर बेटावरील बांधकामाची उंची १५ मीटर, म्हणजे साधारण नारळाच्या झाडाएवढी, मर्यादित करण्यात आली, आणि पुढची आलिशान हॉटेले गावाच्या घडणीत मिसळून राहण्याच्या दिशेने गेली. उबुदजवळ १९८९ मध्ये उघडलेल्या अमनदारीच्या आवारातून गावकऱ्यांची नदीकडे जाणारी जुनी वाट आजही जाते, आणि विधीच्या दिवशी मिरवणूक त्या वाटेने उतरते. तिथे वाट गावाची आहे, हॉटेलने ती अडवली नाही इतकेच.

आपल्या प्रकरणातील हॉटेललाही हे लागू होते. खोलीतून दिसणारी भाताची पायऱ्यापायऱ्यांची शेते हॉटेलची नव्हती. ती गावच्या सुबाकची, म्हणजे पाणीवाटप करणाऱ्या शेतकरी मंडळाची होती. सुबाकच्या भूदृश्याला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आहे. नर्तकी गावातील नृत्यमंडळाच्या, देऊळ देसा आदातचे, म्हणजे परंपरागत गावाचे. बालीत अशी सुमारे दीड हजार परंपरागत गावे आहेत. प्रत्येकाचे स्वतःचे लिखित नियम, बेंदेसा नावाचा प्रमुख आणि त्याखाली बांजार नावाची वाड्यावाड्यांची मंडळे असतात. हॉटेलचे म्हणण्यासारखे काय, तर खोल्या, तरणतलाव आणि स्वयंपाकघर. बाकी सगळे उसने होते आणि ते ज्यांचे होते त्यांना कोणी विचारलेले नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात थोरल्या मुलाच्या घरी बैठक झाली. संचालिकेने आधी फोनवर बातमी दिली होती, त्यामुळे राग थोडा निवलेला होता. पुण्याच्या धाकट्या भावाचा मात्र नाही. आपण पूर्ण पैसे मोजतो आहोत, मग हॉटेलने काय तो मार्ग काढावा, ही त्याची भूमिका शेवटपर्यंत राहिली. ती अगदीच गैर म्हणता येणार नाही, कारण पैसे घेताना हॉटेलने काही सांगितले नव्हते.

पहिला पर्याय तारखा बदलण्याचा. तिकिटे परत न होणारी, मुलांच्या परीक्षा एप्रिलमध्ये, आणि २९ मार्च ही तारीख तर हलणारी नाही. तो तासाभरात बाजूला पडला.

दुसरा पर्याय शेजारच्या लोम्बोक बेटावर जाण्याचा. तिथला विमानतळ न्येपीला बंद होत नाही. परंतु उबुदच्या हॉटेलची भरलेली रक्कम बुडणार होती, आणि २२ माणसांसाठी दोन महिन्यांत तशाच दर्जाची जागा मिळण्याची खात्री नव्हती.

तिसरा पर्याय जकार्ताकडून आला. बंदिस्त दालन, जाड पडदे, मंद ध्वनी, बाहेर काही जाणार नाही. औक्षणाचे दिवेही आत लावता येतील. रेजांगऐवजी ‘दुसरे एखादे’ नृत्य. हा प्रस्ताव सर्वांत मोहाचा होता, कारण त्यात मूळ बेत जसाच्या तसा राहत होता. संचालिकेने या मेलवर व्यवस्थापकाचे मत मागितले तेव्हा त्याने, जकार्ताला प्रत ठेवून, ‘आम्ही प्रयत्न करू’ एवढेच लिहिले. तिला हे उत्तर खटकले. तिने दुसऱ्या दिवशी त्याला थेट व्हिडिओ कॉल लावला आणि हॉटेल काय करू शकते हे न विचारता, त्या दिवशी दालनात जेवण वाढणारी माणसे कोण असतील, असे विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग सविस्तर बोलला. न्येपीच्या आदल्या संध्याकाळीच मोजके कर्मचारी हॉटेलात मुक्कामाला येतात, त्यांत जावाहून आलेले मुस्लिम कर्मचारी जास्त असतात, पण समारंभ करायचा तर गावातली हिंदू मुलेही लागतील, आणि त्यांना काम व अग्नी या दोन्ही गोष्टींचे व्रत मोडावे लागेल. ती नाही म्हणणार नाहीत, कारण नोकरी आहे. दालनाला पडदे होते, पण गावाला त्या रात्री दालनात कोण होते हे कळलेच असते.

या एका प्रश्नाने पर्याय निकालात निघाला. माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रकरणातील सर्वांत योग्य पाऊल तेच होते: ज्याच्यावर दोन्हीकडचा भार पडतो त्याला, वरिष्ठांची प्रत नसलेल्या जागी, होय-नाहीत उत्तर न मागणारा प्रश्न विचारणे.

चौथा पर्याय म्हणजे हॉटेल कायम ठेवायचे, २९ तारीख बेटाच्या नियमाने शांत घालवायची आणि औक्षण, नाचगाणे, गुढी हे सगळे ३० ला करायचे. बालीत न्येपीचा दुसरा दिवस न्गेंबाक गनी, म्हणजे व्रत सुटण्याचा. लोक नातेवाइकांकडे जातात, झाले-गेले माफ करा म्हणतात. त्या दिवशी समारंभाला कोणाचीही हरकत नव्हती, आणि २०२५ मध्ये तोच आपला पाडवा होता.

पाचवा पर्याय काकूंनी मांडला: सगळे रद्द करून वर्धा रोडवरचे एखादे लॉन घ्यावे, चांगला केटरर बोलवावा, इतवारीतले जुने शेजारीही येतील. मुले हसली. तो पर्याय गंभीरपणे तपासलाच गेला नाही, आणि याची नोंद करणे मला आवश्यक वाटते, कारण आकडेमोड केली असती तर बुडणारी रक्कम धरूनही तो फार महाग पडला नसता.

निर्णय

चौथा पर्याय ठरला तो काकाजींमुळे. बैठकीत संचालिकेने न्येपीच्या आदल्या संध्याकाळी गावोगावी निघणाऱ्या ओगोह-ओगोहच्या मिरवणुकीचे वर्णन केले: बांबू आणि कागदाचे अक्राळविक्राळ पुतळे खांद्यावर घेऊन, चौकाचौकात गरगर फिरवून, वाईट शक्तींना पळवून लावायचे आणि बहुतेक ठिकाणी पुतळे जाळून टाकायचे. इतवारीत बालपण गेलेल्या माणसाला याची ओळख पटायला वेळ लागला नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, बडगे निघतात, ‘ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ अशी हाक पडते. लहानपणी ते त्या गर्दीत भावाच्या खांद्यावर बसून जात. त्यांनी विचारले की मारबतीच्या दुसऱ्या दिवशी सगळे गाव गप्प बसते का, आणि तसे असल्याचे कळल्यावर म्हणाले, “मग गप्प बसून घेऊ एक दिवस. पंचाहत्तर वर्षं बोलतोच तर आहे.” धाकट्या मुलाने विरोध सोडला नाही, पण तो पुढे बोलला नाही.

संचालिकेने यानंतर व्यवस्थापकामार्फत बेंदेसाकडे तीन गोष्टी विचारल्या: ३० च्या समारंभात गावच्या मंडळाने लेगोंग सादर करावे का आणि त्याचे मानधन थेट मंडळाला देता येईल का, आवारात गुढी कुठे उभारता येईल, आणि २९ ला काकाजींना काही त्रास झाल्यास गाडी कशी काढायची. उत्तरे दहा-बारा दिवसांत आली. नृत्याला होकार, मानधन थेट मंडळाला. गुढी हॉटेलच्या देवघरासमोर नको आणि काजा दिशेला, म्हणजे गुनुंग आगुंग पर्वताकडच्या पवित्र बाजूला, देवघराहून उंच नको. पूर्वेकडच्या व्हिलेच्या सज्जात चालेल. वैद्यकीय कारणासाठी पेचालांगांना आधीच नाव कळवून ठेवावे. मशालींच्या मिरवणुकीबद्दल सुबाकने नाही म्हटले, कारण भात पोटरीला आले होते. जकार्ताकडे या पत्रव्यवहाराची प्रत मुद्दाम पाठवण्यात आली.

प्रत्यक्षात काय घडले

२७ ला सगळे पोहोचले. नागपुरात तोवर ऊन चाळिशीकडे झुकले होते आणि बालीत पावसाळ्याचे शेवटचे दिवस. उन्हातून सुटका म्हणून बालीला जाणाऱ्यांनी तिथल्या मार्चमधील दमट हवेचा विचार जरूर करावा.

२८ च्या संध्याकाळी गावच्या चौकात सर्वांनी ओगोह-ओगोह पाहिले. हॉटेलचा माळी, स्वागतकक्षातील मुलगा, स्वयंपाकघरातील दोघे, सगळे पुतळ्याखाली खांदा देऊन होते, आणि पाहुणे कडेला उभे होते. आदल्या दिवशी सामान उचलणारी हीच माणसे इथे यजमान होती, आणि मुलांना ती लगेच वेगळी वाटली. बांबूच्या चौकटीवरचा पुतळा तीनदा उलट्या दिशेने फिरला, एका बाजूला कलला, सावरला. काकाजी चौकातून हलायला तयार नव्हते.

२९ चा दिवस बराचसा सुरळीत गेला. नाश्ता आणि जेवण आधी करून ठेवलेले, थंड. सूर्यास्तानंतर व्हिलांमध्ये पडदे ओढून एकेक मंद दिवा. काकूंना आणि सुनांना तो दिवस आवडला. चूक झाली ती रात्री आठच्या सुमारास. दोन मोठ्या नातवंडांनी नदीकडच्या गच्चीवर आजोबांना बोलावून मोबाइलच्या उजेडात केक ठेवला आणि छोट्या स्पीकरवर वाढदिवसाचे गाणे लावले. आवाज घरात ऐकू येण्याएवढाच होता, पण त्या रात्री बेटावर दुसरा आवाजच नव्हता. पलीकडच्या काठावरील पेचालांगांनी तो ऐकला, उजेडही पाहिला, आणि अर्ध्या तासात ते हॉटेलच्या फाटकाशी आले.

ते पाहुण्यांशी बोलले नाहीत. व्यवस्थापकाला बाहेर बोलावले, त्याच्याशी हळू आवाजात पाच मिनिटे बोलले आणि गेले. दंड झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापक गुरु पिदुका, म्हणजे क्षमायाचनेचा नैवेद्य, घेऊन देवळात गेला. कोणी सांगितले नव्हते तरी काकाजी आणि थोरला मुलगा सारोंग नेसून त्याच्याबरोबर गेले. धाकट्याने मात्र हा सगळा बाऊ असल्याचे मत नोंदवले.

३० ला सकाळी पूर्वेकडच्या सज्जात गुढी उभी राहिली. साडी, तांब्या, साखरगाठी नागपूरहून आणल्या होत्या. काठी माळ्याने तासून दिली, आणि कडुनिंबाच्या डहाळ्या कुठे मिळतील या चिंतेत असताना त्याच्याच शेजाऱ्याच्या परसातून त्या आल्या. संध्याकाळी सुनांनी हॉटेलच्या ओट्यावर कणकेचे ७५ दिवे घडवले. तेल खोबऱ्याचे होते आणि वाती घरच्या. त्यांतले चार-पाच वाऱ्याने विझले तेव्हा स्वयंपाकघरातील मुलींनी ओंजळी धरून पुन्हा लावले. त्यानंतर लेगोंग झाले, मग जेवण, मग रात्री उशिरापर्यंत गाणी.

परिणाम

काकाजी आणि काकू समाधानी होते. धाकट्या मुलाने परतल्यावर २९ तारखेचे भाडे परत मागितले. हॉटेलने नकार दिला आणि शेवटी कंपनीने आपल्या नफ्यातून काही रक्कम वळती करून विषय मिटवला. मला हे योग्य वाटते, कारण तारीख तपासण्याचे काम कंपनीचे होते आणि त्यासाठीच ती शुल्क घेते.

व्यवस्थापकावर झालेला परिणाम कोणत्याही बिलात दिसत नाही. तो बांजारचा सभासद आहे, त्याचे घर, देऊळ आणि पुढे अंत्यविधीही त्याच मंडळीत व्हायचे आहेत. पाहुण्यांकडून झालेल्या आगळिकीसाठी त्याला गावासमोर मान खाली घालावी लागली, आणि जकार्ताला त्याबद्दल काहीही वाटले नाही. पाहुणा चार दिवसांत निघून जातो, गुंतवणूकदार दूर असतो. चुकीचा हिशेब स्थानिक कर्मचाऱ्याच्या नावावर चढतो. आलिशान हॉटेलांविषयी बोलताना नोकऱ्या किती निर्माण झाल्या हे सांगितले जाते, पण त्या नोकरीत हा भाग अंतर्भूत असतो हे क्वचित सांगितले जाते.

अंतिम बिलात विक्री विभागाने ‘सांस्कृतिक योगदान’ या नावाने एक रक्कम कायम ठेवली होती. नृत्याचे मानधन थेट दिलेले, मशाली रद्द, पुजाऱ्याचा आशीर्वाद झालाच नव्हता. मग हे योगदान कोणाला, असे कंपनीने विचारले आणि गावाची पावती मागितली. ती रक्कम सर्वसमावेशक असल्याचे उत्तर आले. पावती आली नाही.

काय वेगळे करता आले असते

तारखेचा भाग सोपा आहे. परदेशातील कोणत्याही ठिकाणचा प्रस्ताव देण्यापूर्वी त्याच वर्षीची तिथली सुट्ट्यांची अधिकृत यादी काढणे हे पाच मिनिटांचे काम, आणि कंपनीने ते आता दरपत्रकाच्या पहिल्या पानावर आणले आहे.

सप्टेंबरमधील सांस्कृतिक प्रस्ताव आला तेव्हाच थांबायला हवे होते. तो कार्यक्रम कोण सादर करणार, त्यांचे नाव काय, त्यांना पैसे कसे पोहोचणार, हे प्रश्न त्याच दिवशी विचारले असते तर रेजांगचा घोळ न्येपीच्या संकटाची वाट न पाहता बाहेर आला असता. न्येपी आडवी आली नसती तर ते नृत्य बहुधा सादर झाले असते, कुटुंबाने टाळ्या वाजवल्या असत्या, आणि काही बिघडले आहे हे नागपुरात कोणाला कळलेही नसते.

मुलांना नियम सांगण्याची रीतही चुकली. संचालिकेने थोरल्यांना समजावले आणि थोरल्यांनी मुलांना ‘आवाज करू नका’ एवढेच सांगितले. २८ ला चौकात उभे असताना त्याच माळ्याने किंवा स्वागतकक्षातील मुलाने त्यांना दोन वाक्ये सांगितली असती तर परिणाम वेगळा झाला असता, असे मला वाटते. ज्याचे व्रत आहे त्याच्या तोंडून ऐकलेला नियम पाळला जातो. यावर संचालिकेचे म्हणणे वेगळे आहे. तिच्या मते दोन तरुणांना केक कापण्यापासून कोणीही रोखू शकले नसते, आणि नदीकडची व्हिला त्यांना न देणे हाच खरा उपाय होता.

कामावरच्या माणसांची यादी मागण्याचा मुद्दा अधिक नाजूक आहे. धर्मावरून कोण कामावर येणार हे पाहुण्याने विचारावे का? मला स्वतःला यात अवघडल्यासारखे वाटते. तरीही करारात इतके लिहून घेता येईल की न्येपीच्या दिवशी पाहुण्यांच्या समारंभासाठी कोणत्याही कर्मचाऱ्याला त्याच्या इच्छेविरुद्ध बोलावले जाणार नाही. जकार्ताने अशा कलमाला आतापर्यंत मान्यता दिलेली नाही.

२०२६ मध्ये न्येपी आणि पाडवा पुन्हा एकाच दिवशी, १९ मार्चला येत होते. त्या आठवड्यासाठी कंपनीकडे दोन कुटुंबांनी विचारणा केली. वेळापत्रक वाचल्यावर एकाने बेत रद्द केला. दुसऱ्या कुटुंबातील आजींनी विचारले की पहाटे सज्जात गुढी उभारली आणि निरांजन लावलेच नाही तर चालेल का. नुसत्या गुढीला हरकत नसावी असा व्यवस्थापकाचा अंदाज होता. प्रश्न बेंदेसाकडे पाठवला, आणि उत्तर येईपर्यंत अग्रिम रक्कम न घेण्याचे कंपनीने ठरवले.